चार पुरे की आठ

भरवेलीच्या आमच्या क्वार्टरमध्ये रविवार उजाडायचा तो झिंग्यांच्या वासाने. खाणीचा भोंगा रोजच्यासारखाच वाजे, पण बाबा त्या दिवशी उठत नसत. कूस बदलून "वाजू दे बाप्पा" म्हणत आणि पुन्हा घोरू लागत. आई सकाळी विहारात वंदनेला जाई आणि येताना वैनगंगेचे झिंगे घेऊन येई. ते निवडायला ती मागच्या दारात बसली की कॉलनीतल्या दोन मांजरी तिच्यासमोर हजर होत. दुपारी चिन्नोरचा भात, झिंग्यांचा लालभडक रस्सा आणि वर जवसाची चटणी. जेवण झालं की आई भांडी तशीच ठेवी, बाबा खाटेवर टेकत आणि मी कॉम्प्युटरवरचा विणलेला रुमाल काढून घडी घाली. तीन वाजायला आलेले असत. तीन वाजता दादा यायचा. म्हणजे दादा पुण्यात होता, यायचा त्याचा आवाज.

सुमेधदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो कॉलेजात असताना बाबांनी त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला होता, अभ्यासासाठी. त्या कॉम्प्युटरवर अभ्यास किती झाला हे आता सांगण्यात अर्थ नाही. एकाच कीबोर्डवर आम्ही दोघं खेळायचो. उजवीकडच्या बाणांच्या कळा त्याच्या, डावीकडची अक्षरं माझी. त्याचं कोपर माझ्या बरगडीत आणि माझं त्याच्या, आणि मागून बाबांचं ठरलेलं वाक्य, "अबे, टेबल तोडता का?" मी कितीही हरत असले तरी दादा कधी मुद्दाम हरायचा नाही. उलट पुढचे चार दिवस चिडवायचा. म्हणूनच मी चांगली खेळायला शिकले असं मला अजूनही वाटतं.

मग त्याला पुण्यात नोकरी लागली. त्याची पेटी बसच्या टपावर चढवली त्या दिवशी मी रडले नाही. आठवड्यानं खेळायला बसले, डाव्या हाताची बोटं आपोआप डावीकडच्या कळांवर गेली आणि उजवी बाजू तशीच मोकळी राहिली. तेव्हा मात्र रडू आलं. मला फार एकटं वाटायचं, हे आज सरळ लिहून टाकते. मी बालाघाटच्या कॉलेजात जात होते, सोबत मैत्रिणी होत्या, पण गेम म्हटलं की त्या तोंडाकडे बघायच्या. कॉलनीतली पोरं खेळायची, पण पोरीला आपल्यात घ्यायची नाहीत. संध्याकाळी खाणीतली पाळी सुटली की सायकली आणि मोटरसायकली घराघरांसमोर लागत, प्रत्येक घरातून बोलण्याचा आवाज येई. आमच्या घरात तिघं माणसं असूनही टीव्हीच जास्त बोलायचा.

बाबा आणि दादा फोनवर बोलत ते ऐकण्यासारखं होतं. "बरा आहेस?" "हौ." "जेवला?" "हौ. तुमी?" "हौ." आणि बाबा फोन माझ्या हातात देऊन मोकळे होत. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. यंत्राशी तासन्‌तास पुटपुटत बसणारा हा माणूस पोटच्या पोराशी अर्ध्या मिनिटात आटपायचा. प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांना ते फोनमध्ये टाकता येत नव्हतं, एवढंच.

दादानं तिकडे नवा कॉम्प्युटर घेतला आणि आम्ही टेलिफोनच्या तारेवरून आलेल्या इंटरनेटवर पुन्हा सोबत खेळू लागलो. दर रविवारी तीन वाजता. काही महिन्यांनी त्यानं एक नवा गेम सांगितला आणि तिथून आमच्या जुन्या मशीनची दमछाक सुरू झाली. दोन जीबी रॅम. आज माझ्या हातातल्या फोनला त्याच्या कितीतरी पट मेमरी आहे आणि तोही मधूनच रुसतो, पण तेव्हा दोन म्हणजे दोन. गेम उघडायला घेतला की पडद्यावर एक पांढरी पट्टी यायची आणि हळूहळू भरू लागायची. बत्तीस टक्क्यांवर आली की थांबायची. हमखास बत्तीसवर. कॉम्प्युटरच्या डब्यातून घरघर आवाज यायचा, माउस हलेनासा व्हायचा आणि दहा दहा मिनिटं काही म्हणजे काही व्हायचं नाही.

"अडकलं का?" दादा विचारायचा.

"हौ. बत्तीसवर."

"असू दे. आईनं काय केलं आज?"

आणि मग बोलणं सुरू व्हायचं. मी हेडफोन लावत नसे. आवाज स्पीकरवर ठेवायची, कारण आईला स्वयंपाकघरात ऐकू जायला हवं असे. झिंग्यांत चिंच घातली की आमसूल, शेजारच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का, मागच्या पपईला किती फळं आली, तो कुठे जेवतो, खोलीत पाणी किती वाजता येतं. बाबा खाटेवर आढ्याकडे बघत पडलेले असायचे. ते माइकमध्ये स्वतः कधी बोलले नाहीत. "त्याले सांग, उकव्याचा मामा येऊन गेला," ते मला म्हणायचे. त्यांचा आवाज पुण्यात स्वच्छ पोचलेला असायचा, तरी दादा थांबायचा. मी म्हणायची, "दादा, बाबा म्हनतेत, उकव्याचा मामा येऊन गेला." मग तो विचारायचा, "काहून आलता मामा?" बाबा पुन्हा मलाच म्हणायचे, "सांग त्याले, असाच आलता." दोघांच्या मध्ये मी टपाल पोचवणारी. पण फोनवर अर्ध्या मिनिटात संपणारे ते दोघं अशा रीतीनं पंधरा पंधरा मिनिटं बोलायचे. हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. माझं सगळं लक्ष त्या पट्टीकडे.

कारण मला लाज वाटायची. इतकं थांबून मी गेममध्ये पोचायची आणि ऐन लढाईत चित्र गोठायचं. पुन्हा चालू होईतो मी मेलेली असायची आणि दादा एकटा पडून हरलेला. एका रविवारी सलग तीनदा असं झालं. तो चिडला नाही, पण म्हणाला, "प्रज्ञा, असं नाही जमत. रॅम वाढव. चार तं पाहिजेच." मला त्यात पुढचं सगळं ऐकू आलं. आज जमत नाही म्हणतो, उद्या येणार नाही म्हणेल. रविवार तुटला तर माझ्याजवळ आठवड्यात काय उरणार होतं? त्या रात्री मी नीट जेवले नाही. आईनं ते बाबांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर बाबांनी हातापायाची काळी धूळ धुतली आणि विचारलं, "किती पाह्यजे म्हनते तो?"

"चार."

"चारनं भागते ना? नाही तं अजूक घेऊ."

"दादा म्हनते चार पुरे."

शनिवारी आम्ही मोटरसायकलवर बालाघाटला गेलो. बसस्टँडजवळच्या एका दुकानात काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "कौन सा दूँ, नया वाला या पुराना वाला?" तो रॅमच्या पिढीबद्दल विचारत होता, आमच्या मशीनमध्ये कोणती बसते ते. मी उत्तर शोधत होते तोवर बाबा बोलले, "पुराना काहे को भैया? बच्ची के लिए ले रहा हूँ. नया दो." बाबांनी आमच्यासाठी कधी जुनं पुस्तकसुद्धा घेतलं नव्हतं. स्वतः ते दुसऱ्यांच्या जुन्या पुस्तकांवर शिकलेले. मुलांना मात्र सगळं कोरं. दुकानदारानं खांदे उडवले आणि रॅमची नवी पट्टी पाकिटात घालून दिली. मीही गप्प बसले. मला वाटलं, नवं ते चांगलंच असणार. या गोष्टीतली अर्धी चूक माझी आहे.

घरी येऊन डबा उघडला. जुनी पट्टी काढली, नवी लावायला गेले तर बसेना. रॅमच्या पट्टीला खालच्या कडेला एक खाच असते आणि बोर्डावर त्या जागी उंचवटा. आमची खाच त्या उंचवट्यापासून जराशी सरकलेली होती, अगदी तांदळाच्या दाण्याएवढी. मी म्हटलं, "बाबा, हे आपलं नाही वाटत. वापस करू." बाबांनी पट्टी हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, बोर्डाशी लावून पाहिली. त्यांचा चेहरा खुलला. जे बसत नाही ते बसवणं हाच त्यांचा धंदा होता. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कुठला पार्ट कुठून येई, कधी मापात नसे, आणि खाण तर थांबवता येत नाही; मग बाबा कानस घेत आणि घासून घासून बसवत. वर्कशॉपमध्ये त्यांचं नाव होतं त्यासाठी.

"इतकुशासाठी वापस?" ते म्हणाले. "थांब. दोन मिनिटांचं काम आहे."

त्यांनी हत्यारांच्या पेटीतून सगळ्यात बारीक कानस काढली. अंगणात उजेडात बसले. पट्टी फडक्यात धरली आणि इतक्या हळुवार हातानं घासू लागले की आवाजही येत नव्हता. मधूनच फुंकर घालायचे, मधूनच बोट फिरवून बघायचे. मला थांबवायला हवं होतं. त्या पट्टीच्या कडेला सोनेरी रेघा असतात, त्यातूनच सगळं वाहतं, हे मला ठाऊक होतं. पण बाबा इतके खूश होते. पोरीच्या कामाला आपली कारागिरी येते आहे याचा आनंद त्यांच्या मानेवरून सुद्धा दिसत होता. आणि खरं सांगायचं तर मलाही रविवारची घाई होती. शनिवार होता तो.

पट्टी बसली. अगदी चपखल बसली, खटका सुद्धा वाजला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं. पंखा एकदा फिरला, डब्यातून टिचकीसारखा आवाज आला आणि जळक्या वासाची एक बारीक रेघ वर आली. आई धावत आली, "काय जळलं वं?" बाबांनी वायर ओढून काढली. मग बराच वेळ ते कानस हातात धरून तसेच उभे होते. मशीन पुन्हा चालू झालं नाही. जुनी पट्टी लावूनही नाही.

मी त्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मी रुमाल उचलला, मेलेल्या डब्यावर टाकला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. बाबांनी रात्री भाताला हात लावला नाही, असं आई सकाळी म्हणाली. त्याच दिवशी, रविवारी, तीन वाजता ते खाटेवर येऊन पडले, सवयीनं. थोड्या वेळानं उठून चप्पल घातली आणि बाहेर गेले. त्याच्या पुढच्या रविवारपासून त्यांनी ओव्हरटाइम घेतला. आई विचारायची, "सुट्टीच्या दिवशी काहून जाता?" ते म्हणायचे, "घरी बसून काय करू?" झिंगे व्हायचे, पण रस्सा उरायचा. तेव्हा कुठे मला कळलं की तीन वाजण्याची वाट बघणारी त्या घरात मी एकटी नव्हते.

अडीच महिने असे गेले. मग एका संध्याकाळी बाबा मोटरसायकलच्या मागे खोकं बांधून आले. नवा बोर्ड, आणि सोबत चार चार जीबीच्या दोन पट्ट्या. यावेळी त्यांनी दुकानातल्या कारागिरालाच घरी आणलं होतं आणि सगळं बसेपर्यंत स्वतः हात मागे बांधून उभे होते. मी म्हटलं, "बाबा, दादानं चार सांगितले होते. आठ कशाले?"

"पुरेसं म्हनजे पुरेसं नसते, बाई," ते म्हणाले. "दोरखंड घ्याचा तं वजनाच्या वर घ्याचा. आता तुले अडकाचं काम नाही."

आणि खरंच अडकलं नाही. त्या रविवारी बाबांनी ओव्हरटाइम घेतला नाही. आईनं झिंग्यांत चिंच जास्त घातली, दादाला आवडते म्हणून, जणू तो ताटावर बसणार होता. तीन वाजता मी गेम उघडला. पांढरी पट्टी आली आणि मी श्वास घ्यायच्या आत भरून गेली. बत्तीस कधी आलं, कळलंसुद्धा नाही.

"अरे, पोचली पन?" दादा म्हणाला. त्याच्या मागे आणखी तीन आवाज होते. अडीच महिने तो काय थोडाच रिकामा बसणार होता? ऑफिसातली मित्रमंडळी आता रविवारी त्याच्यासोबत खेळायची. "मेरी छोटी बहन है," त्यानं त्यांना सांगितलं. "बालाघाट से." कुणीतरी हसत म्हणालं, "हाय बालाघाट." आणि लढाई सुरू झाली. मी त्या दिवशी फार छान खेळले. एकदाही गोठले नाही. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी, मध्ये पाणी प्यायलाही फुरसत नाही. दीड तासानं दादा म्हणाला, "मस्त खेळली गं. चल, आता बाहेर जाऊन राह्यलो आमी." आणि पडद्यावरचं त्याचं नाव राखाडी झालं. तो गेला होता.

मी मागे वळून पाहिलं. आई दारात पदराला हात पुसत उभी होती. बाबा खाटेवर उठून बसलेले. "झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हौ. जिंकलो." आई म्हणाली, "झिंग्यांचं सांगतलं का?" मी नाही म्हटलं. सांगायला कुठे थांबलोच नव्हतो आम्ही.

तीन रविवार असेच गेले. आठ जीबीत सगळं मावत होतं. आमचं बोलणं तेवढं मावत नव्हतं. जुनं मशीन दहा मिनिटं अडकायचं त्या दहा मिनिटांतच आमचं घर पुण्याला जाऊन येत होतं, आणि मी त्याच दहा मिनिटांना शिव्या घालत बसले होते. किती मेमरी पुरे, असं मला आज कुणी विचारतं. भाचे, शेजारची पोरं, सगळ्यांना ठाऊक आहे की आत्या गेम खेळायची. मी त्यांना नीट हिशोबानं उत्तर देते, दुकानदारासारखं. हे दुसरं उत्तर कधी देत नाही.

चौथ्या शनिवारी दुपारी मी डबा उघडला आणि दोनपैकी एक पट्टी काढून घेतली. तेवढ्यानं मशीन पुन्हा अडकेल की नाही, म्हणून मागे आणखी दोन जड प्रोग्राम चालू ठेवून पाहिले. पांढरी पट्टी रेंगाळू लागली. बाबा केव्हा येऊन मागे उभे राहिले होते, मला कळलं नाही.

"चांगली चालते ना? काहून काढली?"

"गरम होते बाबा."

ज्या माणसानं तीस वर्षं यंत्रं चालवली त्याला चालता पार्ट कुणी गरम होतो म्हणून काढत नाही हे ठाऊक नसेल का? त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि हत्यारांच्या पेटीत ठेवली, त्या घासलेल्या पट्टीशेजारी. बाबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती पेटी माझ्याकडे आहे आणि त्या दोन्ही पट्ट्या त्याच फडक्यात आहेत.

रविवारी तीनला मी गेम उघडला. स्पीकरचा आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवला. बाबा खाटेवर, आई दाराशी पाट घेऊन बसलेली. पांढरी पट्टी निघाली, वीसवर रेंगाळली, तिसाच्या पुढे गेली आणि थांबली.

"दादा, थांब जरा," मी म्हटलं. "अडकलं."

"अरे? आठ टाकले ना?"

"होते असं. बत्तीसवर आहे."

मी वाट पाहिली. स्पीकरमधून कुणाचं तरी हसणं आलं, कुणी तरी "चलो यार, लेट हो रहा है" म्हटलं. मग दादा बोलला, त्यांना कळावं म्हणून हिंदीत, "कोई बात नहीं, तू आराम से आ जा. हम लोग स्टार्ट कर रहे हैं."

मग सगळे आवाज एकदम बंद झाले. मला सोडून ते गेममध्ये गेले होते. डबा घरघरत होता. पट्टी बत्तीसवरच होती. मागे वळून बघण्याची मला हिंमत होईना. स्पीकर मोठा होता. जे मी ऐकलं ते त्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं होतं.

थोड्या वेळानं मागून बाबांचा आवाज आला.

"काय म्हनते तो?"

मी पडद्याकडे बघत म्हटलं, "विचारून राह्यला, आईनं काय केलं आज."

खाट करकरली. बाबा उठून बसले असावेत.

"सांग त्याले," बाबा म्हणाले, "झिंगे केले म्हना. चिंच टाकून."

मी माइक जवळ ओढला. "दादा," मी म्हटलं, "बाबा म्हनतेत, झिंगे केले. चिंच टाकून."

"अजूक काय म्हनते?"

"म्हनते, बाबा जेवले का."

"जेवलो म्हना."

"जेवले म्हनतेत, दादा," मी त्या बंद आवाजाला सांगितलं, आणि पट्टी तेहतीसवर गेली.